आई बुडाली!

सांगतो, पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या. मागे एकाला हा किस्सा ऐकताना ठसका लागला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली. माझ्या इज्जतीची तर त्याच्या आधीच लागली होती. आख्ख्या चाळीसमोर, भर दुपारी!

माझा मित्र किरण लोअर परळच्या एका चकाचक हॉटेलात कुक आहे. त्याने एकदा मला तळलेल्या मासळीवर काळसर व्हिनेगर शिंपडून दिलं. काय चव हो! आंबट, किंचित गोडसर, नाकात झिणझिण्या! काळ्या स्ट्राँग बिअरचं व्हिनेगर म्हणे, आणि तेही घरी होणारं. मी तिथेच ठरवलं, आपण करायचं.

त्यासाठी लागते आई. घाबरू नका! आई म्हणजे व्हिनेगरचं विरजण. पांढरट, बुळबुळीत, जेलीसारखा पापुद्रा असतो. इंग्रजीत त्याला मदर म्हणतात. आम्ही दोघं लालबागच्या मराठी शाळेतले, आम्ही सरळ आई म्हणायचो. बस्स, तिथेच घात झाला.

आता आमची खरी आई. ती तुळशीची माळ घालते. घरात बिअरची बाटली दिसली असती, तर बाटलीच्या आधी मी गॅलरीतून खाली गेलो असतो! पण ती गेली होती देवगडला मावशीकडे. मावशीचं घर अगदी समुद्राला लागून. अशी संधी सोडतोय होय? बरणीत बिअर ओतली, किरणने दिलेली आई सोडली, तोंडाला फडकं बांधलं आणि काळोख हवा म्हणून बरणी पलंगाखाली सरकवली.

रोज वाकून बघायचो. आई छान तरंगत असायची. आणि एका रविवारी बघतो तर काय, आई गायब! पार तळाला!

खोलीत रेंज नाही, म्हणून गॅलरीत येऊन किरणला फोन लावला. शेजारच्या नलूकाकी तिथेच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला त्या दिसल्या हो! पण आपण काय बोलतोय ते माणसाला स्वतःला कुठे ऐकू येतं?

"किरण्या, आई बुडाली रे! ... अरे, कालपर्यंत मस्त तरंगत होती! ... हो, हलवून बघितली. काही उपयोग नाही, काळी पडलीय. ... छ्या! रडतोय कशाला? तू दुसरी देशील ना? ... झकास! संध्याकाळी ये मग, बोंबील आणतो!"

आणि मी पिशवी घेऊन, शीळ वाजवत, बाजारात.

परत आलो तर आमच्या दारात चपलांचा ढीग. अर्धी चाळ गॅलरीत उभी. बायकांच्या डोळ्यांना पदर. मधोमध रिटायर्ड हवालदार जाधवसाहेब, हाताची घडी घालून. माझ्या डोक्यात एकच आलं. वास सुटला! पकडलो गेलो!

नलूकाकींनी हुंदका दिला. "संतू, आम्हाला सांगायचंस तरी रे!"

मी मान खाली घातली. "चुकलं, काकी. कोणाला कळू नये असं वाटलं."

"कुठेय आता?" जाधवसाहेबांनी विचारलं.

"पलंगाखाली."

जाधवसाहेबांच्या हाताची घडी सुटली.

"पलंगा... खाली?"

"बरणीत आहे. मुंग्या नको लागायला म्हणून फडकं बांधलंय."

"अस्थी असतील," मागून कोणीतरी कुजबुजलं.

"सगळी बरणीतच आहे ना रे?" काकींनी पदराने डोळे पुसत विचारलं.

"नाही, आणखी थोडी किरणकडे आहे. हॉटेलात."

काकी मटकन खाली बसल्या. मला वाटलं, बिअरचा एवढा धक्का? म्हणून मी बिचारा समजूत घालायला गेलो. "काकी, वाया नाही जाऊ देणार! संध्याकाळी बोंबलांवर शिंपडणार आहे. तुम्हालाही वाटीभर आणून देतो."

कोणीतरी किंचाळलं. जाधवसाहेबांनी माझी कॉलर धरली. "चल आत! बरणी काढ!"

काढली. फडकं सोडलं. साहेब वाकले, हुंगलं, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. त्यांनी एक बोट बुडवलं, चाटलं.

"अरे, ही तर बिअर आहे!"

"मग? तुम्ही सगळे कशासाठी आलात?"

"तुझ्या आईच्या शेवटच्या दर्शनाला!"

मी चमच्याने तळातला तो बुळबुळीत गोळा वर काढला आणि म्हणालो, "ही आई. हीच बुडाली." पहिल्या हसल्या त्या नलूकाकी. मग जी काही हास्याची लाट उठली, की वरच्या मजल्यावरचे लोक धावत खाली आले!

"व्हिनेगर करत होतो हो," मी कसाबसा म्हणालो.

साहेबांनी दुसरं बोट चाटलं. "कसलं व्हिनेगर? शुद्ध बिअर आहे ही. थोडा फेस गेलेली, इतकंच."

मी पुन्हा गॅलरीत येऊन किरणला फोन लावला, स्पीकरवर. त्याने एकच विचारलं, "पाणी किती घातलंस?"

"पाणी?"

"अरे गाढवा, एवढ्या स्ट्राँग बिअरमध्ये निम्मं पाणी नाही घातलं, तर ती आई जगेल कशी?"

पुन्हा सगळी चाळ लोटपोट! एकट्या नलूकाकींचाच चेहरा पडला. "संतू, मी देवगडला फोन केला रे. तुझ्या मावशीचा लागेना, म्हणून तिच्या शेजारच्या दुकानदाराला चाळीतर्फे हार न्यायला सांगितलं..."

तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. आमची आई. खरी. काकींनी घाबरून स्पीकर लावला.

"नलू, काय चल्लाहा काय थय? हय तो दुकानदार हार घेवन इलो आणि माझ्याच हातात दिल्यान!"

मी हातवारे करून काकींना सांगत होतो, सगळं सांगा, पण बिअरचं नको! काकींनी सुरुवातच बिअरपासून केली. मग पलंग, बरणी, बोंबील, जाधवसाहेबांची दोन बोटं. काही म्हणता काही सोडलं नाही.

आख्खी चाळ फोनभोवती गोळा झाली. मग आई एकदम थंड आवाजात म्हणाली,

"नलू, एक काम कर. मी गेलंय म्हणानच सांग सगळ्यांक. हेची आई म्हणान जगण्यापरास ता बरा."