आहे, पण कुठं आहे?

आम्हा गणितवाल्यांना एक वाईट खोड असते. एखादी गोष्ट आहे एवढं सिद्ध झालं, की आम्ही हात झटकून चहाला मोकळे. ती शोधत बसणं आम्हाला कमीपणाचं वाटतं. इथं परदेशात, बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटची चावी हरवली की मी सोफ्यावरूनच सांगते, "घरातच आहे. आत्ता दार तिनंच उघडलं ना?" नवरा कपाळावर हात मारतो आणि लेक ओरडते, "ममा, देन फाइंड लाह!"

वन-नॉर्थच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक नागपूरकर येऊन बसला, तो अगदी लेकीच्याच जातकुळीचा. थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्सवाला. या मंडळींना शोधायची रीत हवी, आणि तीही जन्म संपायच्या आत शोधून देणारी. माझा तेव्हा एक सिद्धांत ताजा होता. थोड्याच तारांचं असं एक जाळं असतं, की त्यातल्या बऱ्याच तारा तुटल्या तरी त्याचा मोठा भाग जोडलेलाच राहतो. असतं कशावरून? मी वाईट जाळी मोजली, ती एकूण जाळ्यांपेक्षा कमी भरली. म्हणजे एखादं तरी चांगलं असणारच. संपलं!

"ताई, आहे आहे म्हणून राहिल्या तुम्ही," तो म्हणाला, "पण आहे कुठी?"

"असेल कुठंतरी! मला काय करायचंय?" मी फणकारले.

करायचं होतं, न करून सांगते कुणाला! माझं कंत्राट संपत आलं होतं. कंत्राट नाही तर इथं राहायचा पास नाही, पास नाही तर बिशान नाही, लेकीची शाळा नाही. आणि ऑफिसला वापरता येईल असं काहीतरी हवं होतं. नुसत्या 'आहे'ला कोण विचारतो?

मग आम्ही दोघं हॉकर सेंटरच्या खाऊठेल्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत भांडायला लागलो. भांडता भांडता त्याला सुचलं. जाळं एकेक तार लावत विणायचं, आणि दर तारेला माझीच मोजणी विचारायची, की कुठं लावली तर वाईट जाळी कमी उरतील? माझ्या पुराव्याला त्यानं चक्क वाटाड्या केलं. अस्सा राग आला मला, की हे मला का नाही सुचलं!

पेपर लिहून झाला. आमच्या दोन्ही विषयांत नावं अक्षरक्रमानं लावतात. त्याचं आडनाव 'बी'वरून, माझं 'व्ही'वरून.

"ताई, तुमचं नाव पहिले टाकतो. रिन्यूअल आहे नं तुमचं."

"मुळीच नाही. अक्षरक्रम म्हणजे अक्षरक्रम!"

आमचे साहेब प्रयोगशाळेतले इंजिनिअर. त्यांच्यात ज्याचं काम, त्याचं नाव पहिलं. मीटिंगमध्ये त्यांनी पेपर उलटून पाहिला आणि गोड हसून विचारलं, "म्हणजे यात तुम्ही मदत केलीत?" मी अक्षरक्रम समजावला. ते आणखीच गोड हसले. घ्या, हौस तत्त्वांची! मी बाहेर आले. लेकीला काय सांगू, एवढंच डोक्यात.

नागपूरकरानं माझं तोंड पाहिलं, काय झालं ते विचारलं, आणि उठून सरळ साहेबांच्या खोलीत शिरला. दार उघडंच होतं. मी बाहेर उभी. तो इंग्रजीत सावकाश, एकेक शब्द तोलून बोलत होता. सांगत होता, की आहे असं तिनं छातीठोकपणे सांगितलं, म्हणून मी शोधायला निघालो. नाहीतर मी एक दिवसही शोधलं नसतं.

मला रडूच आलं, भर ऑफिसात.

साहेबांनी मला परत बोलावलं, आणि या वेळी नीट ऐकून घेतलं. कंत्राट वाढलं, पासही मिळाला. त्या संध्याकाळी दार उघडताच लेक माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"ममा, वी स्टेइंग, आह?"

"हो," मी म्हटलं. "इथंच. बिशानलाच."