मागल्या दाराचा वाटा

मी गाव सोडलं त्या सकाळी आय मला एसटीपर्यंत सोडायला आली नाही. रेवदंड्याच्या खाडीकाठी आमचा कोळीवाडा. होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि ती मासळी निवडत बसली होती. "जा बाय, पोचलीस का फोन कर," एवढंच म्हणाली, तेही मान वर न करता. मग टोपलीत थोडे बोंबील घेतले, वर केळीचं पान टाकलं आणि निघाली. ज्या घरात होडी नाही त्या घराच्या मागल्या दाराशी वाटा ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. हाक मारायची नाही, थांबायचं नाही. रिकामी टोपली आपोआप अंगणात परत येते. कोणी दिलं, कोणी घेतलं, सगळ्यांना ठाऊक असतं, पण कोणी तोंडातून काढत नाही.

आता मी पनवेलला. नोकरी, फ्लॅट, ईएमआय आणि दर गुरुवारी समाजसेवेच्या क्लबची मीटिंग. घंटा वाजते, राष्ट्रगीत होतं, मागच्या प्रोजेक्टचे फोटो स्क्रीनवर येतात, टाळ्या पडतात, मग जेवणात पनीर. शहरात चार ओळखी हव्यात म्हणून मी मेंबर झाले. सेवेच्या गप्पा मी मारणार नाही.

यंदा ब्लँकेट वाटायला क्लबने माझंच गाव निवडलं. ब्लँकेटं, तीही समुद्रकाठी, जिथे ऐन थंडीत चादर पुरते! मी मीटिंगमध्ये उठून सांगितलं, द्यायचंच तर काहीतरी कामाचं द्या, आणि आमच्याकडे रांगेत उभं करून देत नाहीत, दाराशी ठेवून येऊ. प्रेसिडेंट हसले. "मॅडम, फोटोच नसेल तर प्रोजेक्ट झाला कशावरून?" सगळेच हसले. माझं पित्त खवळलं, पण ठराव पास झाला.

गावातल्या समाजमंदिरात बॅनर लागलं, खुर्च्या मांडल्या आणि समोर चिटपाखरू नाही. अख्ख्या वाड्याने पाठ फिरवली होती. "तुमचंच गाव ना हे?" प्रेसिडेंटनी सगळ्यांदेखत विचारलं. मला खरं तर वाड्याचा अभिमान वाटत होता.

तेवढ्यात आय आली. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोली. एकटीच पुढे येऊन उभी राहिली आणि तिने हात पुढे केले. जन्मात कोणापुढे न पसरलेले हात. ब्लँकेट द्यायला सगळ्यांनी मलाच पुढे ढकललं.

"आय, कशाला आलीस?" मी कुजबुजले.

"तुजी लाज जाया नको म्हनून. आता हास, फोटू काढतान."

ती एकटी दिसू नये म्हणून मग तिच्या मागे शेजारणी येऊन उभ्या राहिल्या. रांग झाली. प्रेसिडेंट खूश झाले. मला मात्र तिथल्या तिथे ते बॅनर फाडावंसं वाटत होतं.

घरी जायला वेळ नव्हता, लंच रिसॉर्टवर होतं. गाडीपाशी आले तर मागल्या बाजूला, डिकीखाली, एक टोपली. वर केळीचं पान, आत सुके बोंबील. आसपास कोणी नव्हतं.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, घर म्हणजे काय हे मला विचारू नका. आयच्या लेखी मी आता होडी नसलेल्या घरातली. टोपली अजून माझ्या किचनमध्ये आहे. ती आमच्याच अंगणात नेऊन ठेवायची आहे, रिकामी, आणि हाक न मारता.