दिवे चालू होते

राग चढला की ग्लेनिस नोस्के बोलत नसे, भांडी घाशी. त्या दिवशी तिनं लख्ख पातेलं पुन्हा घासायला घेतलं, तरी मागं टेबलाशी बसलेला तिचा धाकटा भाऊ डेरिल बोलायचा थांबेना.

"एवढंच सांगायचंय, ग्लेन. दिवे बंद होते. बाबांच्या वेळेपासून बंदच करतो ना आपण?"

करानूक गावाच्या भोवती क्षितिजापर्यंत गहू. मॅली म्हणतात त्या सपाट, कोरड्या मुलखात सुगी आली की कापणी यंत्राच्या ठिणगीनं वाळलं धसकट पेटतं, आणि गावातलेच शेतकरी, दुकानदार, बाया अग्निशमनाची गाडी घेऊन धावतात. ती रस्त्यावर दिवे लुकलुकवत उभी असली, की येणाऱ्यानं वेग चाळिसावर आणायचा, असा कायदा. पण भरलेला ट्रक चाळिसावर आणून पुन्हा पळवायचा म्हणजे गहू साठवायच्या सायलोपुढच्या रांगेतला नंबर गेलाच. म्हणून त्यांचे वडील गावच्या अग्निशमन दलाचे कॅप्टन असताना एक रीत पडली. लांबून गव्हाच्या ट्रकचा धुरळा दिसला की गाडीचे दिवे विझवायचे. आपलीच माणसं, कशाला अडवायची?

पुढं कॅप्टनपद ग्लेनिसकडं आलं. एका ट्रकच्या नुसत्या वाऱ्यानं पाण्याचा पाइप धरलेली दलातली ट्रिश चरात फेकली गेली. तिचं कोपर मोडलं. ट्रकवाला थांबलासुद्धा नाही. त्याच आठवड्यात ग्लेनिसनं गावच्या हॉलमध्ये सगळ्यांना बजावलं, यापुढं दिवे कुणासाठीही विझणार नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. तोंडात केक कोंबलेल्या डेरिलनंही.

पण ट्रक काही थांबले नाहीत. तेव्हा ग्लेनिसनंच पोलीस ठाण्यात जाऊन फाम नावाच्या हवालदाराला गळ घातली, की पुढच्या आगीला तू रस्त्यावर वेगमापक घेऊन उभा राहा. तो उभा राहिला, चढाच्या अलीकडं, झाडांच्या सावलीत. आणि सापडला तो डेरिल, नव्वदच्या पुढं; दिवे बंद असते तर चालला असता असा वेग.

दंड भरायचा नाहीतर कोर्टात जायचं, असं नोटिशीत होतं. डेरिल कोर्टात गेला. परवान्यावर आधीचे ठपके होते, आणखी पडले की परवाना जाणार. तारीख पडली ती नेमकी पुढच्या सुगीच्या तोंडावर. फामला उभ्या जागेवरून चढापलीकडचे दिवे दिसत नव्हते, आणि ते चालू होते हे सांगायला गाडीपाशी होत्या त्या दोघीच, ट्रिश आणि ग्लेनिस. ट्रिशचा नवरा डेरिलकडं कामाला. ती म्हणाली, "माझी पाठ होती तिकडं, मला नाही आठवत."

उरली ग्लेनिस.

"सख्ख्या भावावर पोलीस घातलास," डेरिल म्हणाला. "आता तोंडानं तरी वाचव. ट्रक कोण चालवणार? तुझी मांजर?"

ग्लेनिसनं पातेलं आदळलं. "मी तिथं उभी होते, डेरिल! तुझ्या चाकापासून हातभर. टोपी उडाली माझी. तू हात केलास मला!"

"मग? ओळखीचं माणूस दिसलं तर हात करणार नाही?"

"ओळखीचं माणूस दिसलं तर ब्रेक लाव, गाढवा!"

तो खुर्ची तशीच टाकून निघून गेला.

कोर्टात तिला एकच विचारलं. "चालू होते," ती म्हणाली. "मीच लावले होते. आणि ट्रक भावाचा आहे हे दिसल्यावरही विझवले नाहीत." डेरिल छताकडं बघत राहिला. दंड कायम झाला, परवाना गेला.

गावानं तिला काही म्हटलं नाही, हेच जास्त लागलं. बेकरीत तिच्यापुढं पाव सरकवला, पण हवापाण्याची गोष्ट कुणी काढली नाही. ती घरी आली आणि ओटा, खिडक्या, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा घासल्या. पश्चिमेला ढग दाटत होते. कापलेला गहू भिजला की कोंबड्यांच्या खाद्याच्या भावानं जातो, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सकाळी ती डेरिलच्या शेडपुढं उभी राहिली. भरलेला ट्रक जागच्या जागी होता. दलाची अवजड गाडी ती गेली कित्येक वर्षं हाकत होती, परवाना खिशातच होता.

"कशाला आलीस?" डेरिल म्हणाला. "हसायला?"

"चावी दे."

"उपकार नकोत तुझे."

"उपकार कोण करतंय? तुझा अजून तेवढाच राग येतोय मला. गव्हानं काय केलंय? चावी दे."

त्यानं चावी काढली आणि तिच्या पायांशी धुळीत फेकली.

ग्लेनिसनं खाली पाहिलंसुद्धा नाही. हाताची घडी घालून ती उभी राहिली. गार वारा सुटला, शेडचे पत्रे खडखडले. तिची नजर भावाच्या तोंडावर. त्यानं एकदा ढगांकडं पाहिलं, एकदा घराकडं. मग पुटपुटत आला, वाकला, चावी उचलली, शर्टाला पुसली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

ती ट्रकमध्ये चढली. "ताडपत्री नीट बांध," खिडकीतून ओरडली, आणि त्यानं बांधली.