जर्मनीच्या चपला आणि आमची इंदू

त्या संध्याकाळी आम्ही दोघं घराच्या पुढच्या सोप्यात बसून काम करत होतो. मी तळ शिवत होतो आणि माझी बायको इंदू नव्या चपलांना तेल लावत होती. पट्टा मुठीत धरून मागं-पुढं वाकवायची, आतल्या बाजूनं एरंडेल चोळायची, परत वाकवायची. मधेच म्हणाली, "अवो, तो रेडिओ बारीक करा, डोकं उठलंय." केला. जेवलो, झोपलो. पहाटे उठवायला गेलो तर गेलेली. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं... एवढंच.

आता महिना होत आला. इंदू तोंडानं फटकळ होती. मीबी काही कमी नाही, म्हणून जमलं. मी चौथी शिकलेला, ती शाळेत गेलीच नाही. मी चामडं कापायचं, तिनं त्याच्या वेण्या घालायच्या, असा आमचा कोल्हापुरी चपलांचा धंदा. पोरगी वैशाली मात्र शिकली. तिला कळंब्यात दिली. तिनं आमच्या चपला मोबाईलवरनं विकायला काढल्या. इकडच्या गिऱ्हाइकाचं सोपं होतं. नवी चप्पल चावली की फोन करायचं. इंदू फोन घेऊन सांगायची, "चावणारच की पावणं! नवी नवरी हाय ती. तेल चोळा, चार दिस दम काढा." पावणं हसायचं आणि दम काढायचं.

मग वैशालीनं जर्मनीत विकायचं काढलं. तिथं कोण फोन करतंय? फोड आलेल्या पायांचे फोटोच यायला लागले. माल खराब आहे, पैसे परत द्या. वैशालीनं त्यांच्या भाषेत चिठ्ठी छापून डब्यात घातली, तेल लावा, हळूहळू वापरा. कुणी वाचली नसावी, फोटो येतच राहिले. शेवटी तिथल्या वेबसाइटनं कळवलं, पुढच्या मालाला तक्रारी आल्या तर तुमचं दुकान बंद. पोरगी नोकरी सोडून त्यात उतरलेली. मी म्हणालो, "त्यास्नी सोसत न्हाय तर घालू नगासा म्हणावं. चप्पल पायानंच मऊ व्हती." इंदू उसळली. "व्हय, आन् दुकान बुडालं की पोरीनं काय करायचं? त्या बाया कामावर जात्यात, लंगडत जाऊ द्यायचं व्हय? आपुनच मऊ करून धाडायच्या." आणि बसली की. एकेका जोडाला दिवस दिवस घालवायची. भाकरीला एरंडेलाचा वास यायचा. बोललो तर म्हणायची, "गप खावा, पोट साफ हुईल."

तो माल निम्मा झाला होता, तेव्हा ती गेली. तिला पोचवून घरी आलो. वैशाली म्हणाली, "आबा, ऑर्डर रद्द करते मी. दुकान गेलं तर जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, सोप्यात बसलो आणि राहिलेल्यातला एक जोड पुढ्यात घेतला. मेहुणी आली. "दाजी, आज तरी कामाला हात लावू नगासा. लोकं काय म्हणतील?"

"लोकास्नी घालायच्यात व्हय ह्या?" म्हटलं.

इंदू करायची तसं केलं. वाकवलं, चोळलं, वाकवलं. पण किती मऊ झालं म्हणजे झालं, ते कळंना. माझ्या हाताला घट्टं पडल्यात, त्याला सगळंच मऊ लागतं. वैशालीला हाक मारली. रडून तोंड सुजलेलं तिचं. म्हटलं, "ही घाल आणि चालून दाव."

ती भिंतीपर्यंत गेली, परत आली.

"कुठं चावती?"

तिनं करंगळीपाशी बोट ठेवलं. "इथं."

मी तिच्या पायातनं चप्पल काढून घेतली आणि तिथं परत तेल लावलं.