निळ्या पाटीची वाट

आई गेल्यावर, दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात, बाबा सहा महिन्यांसाठी नागपूरहून माझ्याकडे अमेरिकेत, फ्रीमाँटला आले. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सची बारीक अक्षरं मी वाचली आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलं. जिना सांभाळून, बाथरूम सांभाळून. कुणाचे वडील कसे पडले, हेच आम्ही देशी मित्र आपापल्या घरून पदार्थ घेऊन पॉटलकला जमलो की एकमेकांना सांगत असू.

जुलैत त्यांना डोंगरावर नेलं. हिवाळ्यात तिथं स्कीइंग, उन्हाळ्यात सायकली. तारेवरून जाणाऱ्या लिफ्टला सायकल अडकवून वर जायचं आणि जंगलातल्या वाटांनी खाली उतरायचं. तिकीटखिडकीशेजारी नकाशा होता: हिरवी वाट नवख्यांची, निळी थोडा सराव असलेल्यांची, काळी पट्टीच्या सायकलस्वारांची. बाबांनी तो पेपर वाचावा तसा वाचून काढला.

“निळी जमेल न आपल्याला,” ते म्हणाले.

मी भाड्याच्या सायकलींचा फॉर्म भरत होतो, तेवढ्यात त्यांनी उजव्या पायाची पॅन्ट मोज्यात खोचली. एकतीस वर्षं ते सायकलनंच ऑफिसला गेले. चेनचं वंगण लागू नये म्हणून रोज दारात हेच करायचे. मी मात्र फॉर्मवरच्या ‘गंभीर इजा किंवा मृत्यू’वर अडकलो होतो.

“बाबा, तुमचं कॅन्सल करू या. पडलात तर इन्शुरन्स कव्हर करत नाही.”

“हिरवी तरी?”

“हिरवीही नको. नेक्स्ट इयर बघू.”

माझा आवाज चढला होता, लहान मुलाला दटावावं तसा. ते वाकले आणि पॅन्ट मोज्यातून बाहेर काढली.

“तू तर जा,” म्हणाले. “मी बसतो इथं.”

आणि मी गेलो, याची मला आजही लाज वाटते. हिरव्या वाटेवर दोन फेऱ्या मारल्या. ते माझं जॅकेट मांडीवर घेऊन बाकावर बसले होते. दोन्ही वेळा त्यांनी हौसेनं विचारलं, “कशी आहे वाट?”

“अवघड आहे, बाबा. तुम्ही आला नाहीत तेच बरं.”

दिवाळीआधी ते परत गेले. फेब्रुवारीत, नागपुरात, झोपेतच गेले.

पुढच्या जुलैत मी एकटाच तिथं गेलो आणि निळ्या वाटेनं उतरलो. चांगली रुंद, दाबलेल्या मातीची वाट. मधे थोडी मुळं, चार वळणं. साठीची एक बाई घंटी वाजवत मला ओलांडून गेली. आमच्या नागपूरच्या घरासमोरचा रस्ता याहून वाईट होता, आणि त्यावरून बाबा कॅरिअरला गव्हाचं पोतं बांधून यायचे.

खाली तोच बाक होता. मी सायकल टेकवून त्यावर बसलो आणि रडलो.

सोपी होती, बाबा. हिरवीसुद्धा सोपीच होती.