नवरीच्या पायाशी साप

‘मी झोपलेली मुलगी दिली होती. तुम्ही मेलेली परत देताय!’ डॉ. कुलकर्णी इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या आमच्या स्टुडिओत उभे राहून ओरडत होते.

मी पेंटिंग कॉन्झर्व्हेटर. म्हणजे जुनी चित्रं साफ करते, रंग उडाला असेल तेवढाच भरते. पदरचं काही घालत नाही. लंडनच्या हॅरो भागातल्या या डॉक्टरांनी फार पूर्वी लिलावात एकोणिसाव्या शतकातलं स्पॅनिश तैलचित्र घेतलं होतं. गवतात आडवी झालेली मुलगी, पायाशी फुलं. आता त्यांच्या लेकीचं, ईशाचं लग्न ठरलं होतं. हळद घरीच, फ्रंट रूममध्ये, म्हणून चित्र उजळून हवं होतं.

यूव्ही दिव्याखाली धरलं तर फुलं काळी दिसली. म्हणजे तो रंग मूळ चित्रकाराचा नव्हे, नंतर कुणीतरी चढवलेला. डॉक्टरांना फोन केला. ‘काढा की! ओरिजिनल दिसू दे!’ मग रंग विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने फुलं उतरवली. खाली साप. घोट्यावर दोन लाल ठिपके. झालं! ही युरिडिसी निघाली, ग्रीक पुराणातली नवी नवरी. लग्नाच्याच दिवशी साप चावून मेलेली.

डॉक्टरांबरोबर ईशा होती आणि लग्नासाठी नागपूरहून आलेल्या त्यांच्या आई. आजी मला म्हणाल्या, ‘अगं, काय करून राहिली तू? घरात हळद अन् भिंतीवर मेलेली नवरी?’

‘लग्नापर्यंत इथेच राहू दे,’ मी सुचवलं.

‘नो वे,’ ईशा म्हणाली. ‘लहानपणापासून मी तिच्याशी बोलते. माझी हळद तिच्याखालीच होणार. नाहीतर नकोच.’

‘मग मी चालली नागपूरला,’ आजी म्हणाल्या. डॉक्टर एकदा आईकडे बघत, एकदा लेकीकडे. बिचाऱ्यांचं पार सँडविच झालं होतं. शेवटी म्हणाले, ‘फुलं परत रंगवून द्या!’

माझी बॉस हेलन म्हणाली, ‘काढलेला रंग आपण परत लावत नाही. प्रश्नच नाही.’ बरोबरच होतं तिचं. पण एक मार्ग होता. मूळ रंगावर ताजं व्हार्निश, आणि त्यावर सहज पुसता येईल अशा रंगाची फुलं. साप खाली सुखरूप. हेलनने ते मान्य केलं. मग डॉक्टरांकडून लग्न झालं की लगेच फुलं काढायचं प्रॉमिस घेतलं. आजींनी त्या फुलांत झेंडू मागितला. तो मात्र मी दिला नाही; आधी होती तशीच फुलं रंगवली.

हळद झकास झाली. ईशा आणि आजी, दोघीही चित्राखाली हजर.

लग्नानंतर मी कापूस आणि बाटल्या घेऊन हॅरोला गेले. दार आजींनीच उघडलं.

‘काढते हं आता फुलं, आजी.’

त्या माझ्या आणि चित्राच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. ‘राहू दे गं. लेकरू आत्ता कुठे सासरी गेलंय.’ मला त्यांचा इतके दिवस राग होता, तो तिथेच मावळला.

‘मग कधी येऊ?’

‘पहिलं बाळंतपण सुखरूप होऊ दे. मग बघू.’

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मी चहा घेतला आणि बाटल्या न उघडता परत आले. पुसता येणारा रंग लावणं माझ्या हातात असतं. तो पुसायचा दिवस घरातली आजी ठरवते.