नर्सबाईंनी रांजणात तांब्या बुडवला

तहान लागल्यावर तुम्ही कधी ओंजळ पुढं करून कुणाची वाट पाहिली आहे? पाणी समोर, रांजण भरलेला, हात धडधाकट, आणि तरी वाट पाहायची? पाहिली नसेल तर हे तुमच्यासाठीच लिहितो आहे.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. दुष्काळी कामावर पाझर तलावाचा बांध चालू आहे. सगळा गाव तिथं माती वाहतो, खडी फोडतो. दुष्काळानं सगळ्यांना एका ओळीत आणलं, असं भाषणात सांगतात. सांगणाऱ्यानं एकदा रांजणापाशी येऊन बघावं. चांगल्या विहिरीचं पाणी बैलगाडीनं येतं, रांजणात पडतं. पाणक्या कानिफनाथ तिथं बसतो. गावची माणसं आपल्या हातानं तांब्या बुडवतात. आम्ही बौद्धवाड्यातली माणसं लांब उकिडवी बसतो आणि तो वरून धार सोडतो. सवड असली तर. नसली, तर बांधाखालच्या खड्ड्यात हिरवं पाणी साचलं आहे, तेच प्यायचं.

अशा कामावर पुष्पावती नर्सबाई आल्या. बाई घोडेगावच्या. वडील बैलबाजारात दलाल होते. रुमालाखाली बोटं धरून सौदा करणाऱ्या माणसांत वाढल्या, त्यामुळं समोरचा तोंडानं काय म्हणतो याच्यावर त्यांचा कधी भरवसा नसतो. नगरला नर्सिंग शिकल्या, दवाखान्याला लागल्या आणि वस्त्या पायाखाली घातल्या. सरकारी बाई म्हणून मी आधी त्यांना चार हात लांबच ठेवलं होतं. पहिल्याच भेटीत मी हक्काची भाषा सुरू केली, तर म्हणाल्या, "घोषणा मागनं द्या. आधी नखं काढा." मला राग आला. नखं मात्र काढली.

कॉलऱ्याची सुई टोचायला त्या बांधावर आल्या, तेव्हा मोठमोठे मिशीवाले मागं सरकले. सुईनं माणूस मरतो, अशी कुणीतरी पुडी सोडली होती. मुकादम आप्पासाहेब मोठ्यांदा म्हणाला, "आधी ह्यांना टोचा. काय हुतंय बघू." आणि आमच्या दगडाबाईला धरून पुढं लोटलं. म्हातारी जगली, हसली, दंड चोळत बसली. मग बाकीच्यांनी बाह्या वर केल्या.

दुसऱ्या दिवशी दगडाबाईची सून भागिरथी कोसळली. पोटुशी बाई. सकाळपासून जुलाब, वांत्या. डोळे खोल गेलेले, जीभ लाकडासारखी. सुई राहिलेल्यांना टोचायला बाई आल्याच होत्या. त्यांनी भागिरथीची कातडी चिमटीत धरली. सोडली, तरी कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"कुठलं पाणी प्याली ही?"

दगडाबाईनं खड्ड्याकडं बोट केलं. "कानिफनाथाला हाक मारली व्हती बाई. त्यो जेवत व्हता."

बाईंनी पिशवीतून गूळ आणि मीठ काढलं. "पाणी आणा. रांजणातलं. पळा!"

मी तांब्या घेऊन पळालो. कानिफनाथ रांजणावर आडवा झाला. "लांब हो. खाली ठेव, वतीतो." मी तांब्या खाली ठेवला. तो इकडं तिकडं बघत राहिला. आप्पासाहेबानं लांबूनच 'नको' अशी मान हलवली होती. पाणी काही पडेना. माझं डोकं फिरलं, तोंडातून जे निघालं ते इथं लिहिता येणार नाही.

तेवढ्यात बाईच आल्या. मी ठेवलेला तांब्या उचलला आणि सरळ रांजणात बुडवला. भागिरथीच्या घरचा तांब्या.

खडी फोडायचे हातोडे थांबले.

आप्पासाहेब धावत आला. "बाई, काय केलं हे? सगळा रांजण बाटवला! एवढी माणसं आता प्यायची काय?"

"हेच पाणी."

"तुमी बाहेरच्या. गावची रीत तुमाला न्हाई ठावं. खड्ड्यात पावडर टाका ना, तुमच्याकडं हाय की. पाणी निर्मळ, भांडान बी न्हाई."

"आणि उद्या परत चिखल प्यायला लावू? माणसं बरी करायची आणि पुन्हा त्याच खड्ड्यावर सोडायची, ह्यासाठी मला नेमलंय व्हय?"

"मग मी रांजण फोडतो," म्हणून त्यानं खरोखर एकाच्या हातातला हातोडा हिसकावला.

बाई मधे उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. "फोडा. पण काल सुईला भ्यालात, म्हणून दगडाबाईला पुढं लोटलंत. तिच्यामागं तुमी होता. सुई एकच होती, आप्पासाहेब. बोळ्यानं पुसली आणि तुमच्या दंडात घातली. पाणी पोटात जातं, ही तर रगतात गेली. आता ती कशी काढता?"

आप्पासाहेबाचा डावा हात नकळत उजव्या दंडाकडं गेला. तेवढ्यात खडीच्या ढिगावरून साळूबाई, पाटलांच्या भावकीतली, फिसकन हसली. "आता दंडच तोडा, आप्पासाहेब! हातोडा हायच हातात."

बायका हसायला लागल्या. आप्पासाहेबानं हातोडा खाली केला, पण त्याची नजर बाईंवरून हलली नाही. साळूबाई उठली, रांजणातून पाणी घेतलं, घटाघटा प्याली. दोघी-तिघी तिच्यामागं आल्या. बरेच जण मात्र तहानलेलेच घरी गेले, हेही लिहायला हवं.

इकडं बाई भागिरथीला घोट घोट पाजत होत्या. ती ओकायची, बाई पुन्हा पाजायच्या. "ओक, पण पी." ऊन कलायला लागलं तेव्हा तिनं आपणहून तांब्याला हात लावला. मग तिला पाण्याच्याच गाडीत घालून दवाखान्यात नेलं. भागिरथी वाचली. पोटातलं बाळही हलतं आहे.

आता पुढचं ऐका. कामावर आमच्यासाठी दुसरा रांजण मांडला आहे. "तुमची सोय केली," म्हणतो आप्पासाहेब. आणि बाईंवर तक्रार गेली आहे: सरकारी काम बंद पाडलं, मजुरांना चिथावलं. एका साहेबानं त्यांना सुचवलं म्हणे, भागिरथी उष्ट्या-शिळ्यानं आजारी पडली एवढं बोला, प्रकरण मिटवतो. बाई म्हणाल्या, "ती पाण्यावाचून मरत होती. मी तेच बोलणार." त्यांची बदली नाही, नोकरीच जायची वेळ आहे.

सोमवारी पारनेरला चौकशी आहे. आप्पासाहेब माणसं गाडीत भरून आणणार. आमच्या वाड्यातली माणसं येणारच, पण आमचं बोलणं आमच्याच सोयीचं ठरवतील. गावकऱ्यांनो, त्या दिवशी बांधावर तुम्हीही होता. काही हसलात, काही प्यालात, काही मान खाली घालून उभे होतात. बाईंची बाजू घ्या असं मी म्हणत नाही. सोमवारी या, साहेबापुढं उभे राहा, आणि भागिरथीला पाणी कुणी नाकारलं, कुणी दिलं, तेवढं तुमच्या तोंडानं सांगा.